पोचूकडे ठेवलेलं दार

चंद्रपुरात कोळशाच्या रेल्वे सायडिंगला लागून झोपड्यांची जी टोली आहे, तिथल्या माणसांचा कुलपावर काडीचा भरवसा नाही. कुलूप दिसलं म्हणजे मालक घरी नाही, या बाबांनो, अशी चोराला दवंडीच की. म्हणून मे महिन्यात विडीचा तेंदूपत्ता तोडायला जंगलात निघालेलं कुटुंब आधी छपराचे टिन उतरवायचं, मग बिजागऱ्या सोडवून दार काढायचं आणि सगळा पसारा पोचूच्या अंगणात नेऊन ठेवायचं. मागे उरायच्या नुसत्या मातीच्या भिंती. त्या कोण नेणार? पत्त्याचा हंगाम संपला की टिन चढले, दार लागलं, घर पुन्हा उभं.

आता हा पोचू कोण, तर एके काळचा नामी कोळसाचोर. चालत्या वॅगनवर चढून कोळसा खाली ढकलायचा. एकदा पाय मोडला आणि धंदा सुटला. मग सायकलींचे पंक्चर काढत बसला, पण जुन्या दोस्तांत दरारा तसाच राहिला. त्याच्या अंगणातल्या वस्तूला हात लावायची कोणाची छाती नव्हती. हसू नका. टोलीला यापेक्षा मजबूत तिजोरी कुठली मिळणार होती?

रुखमाबाईचं माहेर धानोऱ्याकडचं. नवरा गेल्यापासून ती वर्षभर बांधकामावर विटा वाहायची आणि मे महिन्यात लेकीला, रंजीताला, घेऊन माहेरी पत्ता तोडायला जायची. एकेक करून टोलीतल्या बाकीच्यांनी जंगलाची वाट सोडली, हिने काही सोडली नाही. यंदाही दार-टिन पोचूच्या हवाली करून गेली, आणि नेमकी तेव्हाच सरकारी घरकुल योजनेची माणसं घरं मोजायला आली. टोली पाडून तिथं इमारती होणार होत्या. जो राहतो त्याला पक्की खोली, बाकीच्यांनी आपला रस्ता धरायचा. त्या माणसांनी रुखमाबाईच्या भिंतींत डोकावून पाहिलं. वर आभाळ, पुढे भगदाड. 'पडीक जागा' म्हणून लिहिलं आणि पुढे चालते झाले.

सोबत पोलीस होते. नवीन इमारती व्हायच्या आधी वस्तीतली चोरीचकारी साफ करायची, असा वरून हुकूम. जुना चोर म्हणून ते पोचूच्या घरी शिरले, तर अंगणात हे दार आणि टिनांची चळत. झालं! चोरीचा माल म्हणून सगळं ठाण्यात, आणि पोचूही ठाण्यात. तो घसा फोडून सांगत होता की माल रुखमाबाईचा आहे. पण ऐकतो कोण?

दुसऱ्याच दिवशी रुखमाबाई परतली. शेजारच्या गिरजाबाईने दोघी मायलेकींना घरात घेतलं, चहा दिला आणि सगळं सांगितलं. "मी कामावर होती व माय. इथी असती तं बोलली असती." गिरजाबाईला खरंच वाईट वाटत होतं.

रुखमाबाई तडक ठाण्यात गेली. हवालदार माणूस बरा होता, त्याने बसायला स्टूल दिलं. सगळं ऐकून घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "बाई, तुमच्या भल्याचं सांगतो. दार पोचूनं चोरलं अशी तक्रार द्या. दार चोरीला गेलं म्हणजे घर होतंच, हे कागदावर येते. खोली कुठं जात नाही."

सांगणं अगदी बिनतोड होतं. गजाच्या आडून पोचू ऐकत होता. तोच बोलला, "लिहून दे न बाई. माह्यावर येवढ्या केसा हायेत, अजून एकीनं काय होते? रंजीताचं पाय."

खोली रुखमाबाईला हवी होती, हो, खूप हवी होती. लेक वयात आलेली, आणि मातीच्या भिंतींत किती दिवस काढायचे? 'चोरलं' एवढा एक शब्द बोलायचा होता फक्त. तो काही तिच्या तोंडून निघेना.

"नाई साहेब," ती म्हणाली. "मीनंच ठेवाले देल्लं. असंच लिहा."

हवालदाराने कपाळावर हात मारला, पण लिहिलं तसंच. मग चोरीच उरली नाही. पोचू सुटला, मालही सुटला. हातगाडीवर दार-टिन लादून दोघं टोलीकडे निघाले, तर पोचू वाटभर तिच्यावर करवादत होता. "अक्कल नाई तुले. हातातली खोली घालवून बसली. मले काय, सारं गाव चोरच म्हणते."

"सारं गाव म्हणू दे," रुखमाबाई म्हणाली. "मी कायले म्हणू?"

त्याच दिवशी पोचूने टिन चढवले, दार बसवलं.

मोजणीवरच्या हरकती ऐकायला योजनेचे साहेब समाजमंदिरात बसले, तेव्हा रुखमाबाई गेली. पोचूही लंगडत मागे आला. दाराशी पोलिसाची खाकी दिसली तसा थबकला, पण आला. तिचं सगळं ऐकून साहेबांनी विचारलं, "घर तुमचं, मग दार याच्याकडे कशाला?"

पोचूच पुढे झाला. "साहेब, मी चोर होतो. म्हून माह्याकडं ठेवतेत."

साहेबांना हसू आवरेना. शेजारचा कारकूनही हसला. "वा रे वा, चोराकडे राखण!"

आणि रुखमाबाईचं टाळकंच फिरलं. "हसू नका, साहेब. इतके साल या चोराकडं दार ठेवून राह्यली, एक खिळा नाई गेला. तुमची माणसं एक डाव आली, तं अख्खं घर गेलं."

साहेबांचं हसू विरलं. कारकून उगाच कागद चाळायला लागला. साहेब म्हणाले, "उद्या सकाळी मी स्वतः येऊन पाहतो."

आले, खरंच आले. रुखमाबाई तांदूळ निवडत बसली होती, पोचू उंबऱ्याशी बिजागरीला तेल घालत होता. दार सताड उघडं होतं आणि आतली चूल, गोधड्या, रंजीताचं दप्तर सगळं रस्त्यावरून दिसत होतं. तरी साहेब बाहेरच थांबले आणि राहत्या घराची वाजवावी तशी त्यांनी कडी वाजवली.

रुखमाबाईने पदर डोळ्यांना लावला. पोचूच सरकून बाजूला झाला आणि म्हणाला, "या साहेब. बाई घरीच हाये."