निफाडचा सामोवार

मित्रांनो, तुमच्या घरी नळ फिरवला की गरम पाणी येत असेल, म्हणून आधी माझी ओळख करून देतो. मी बंब आहे. अस्सल तांब्याचा, गोल पोटाचा, दोन्ही बाजूंना पितळी कड्या आणि खाली तोटी असलेला. माझ्या पोटातून एक नळकांडं उभं वर जातं. त्यात जाळ करायचा आणि भोवतीचं पाणी तापवायचं, एवढंच माझं काम. घरातल्या सगळ्या माणसांपेक्षा मी वयाने मोठा आहे, तरी अजून थेंबभरही गळत नाही. ही थोडी फुशारकी झाली, पण म्हाताऱ्यांची तेवढी चालवून घ्यावी.

माझा जन्म नाशिकच्या तांबट आळीतला. हातोडीचे ठोके खाऊन खाऊन मला हे रूप आलं. माझा आताचा मालक धोंडीराम, त्याच्या वडिलांनी मला एसटीच्या टपावर चढवलं आणि निफाडजवळच्या आपल्या द्राक्षाच्या मळ्यात आणलं. छाटणी झाली की मळ्यात काड्यांचे भारे पडत, तेच माझं जेवण. आणि निफाडची थंडी काय सांगू! पहाटे गवतावरचं दव गोठतं. द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून लोक बागेत शेकोट्या पेटवतात. अशा दिवसांत घरात माझ्याएवढा मान कुणालाच नव्हता. धोंडीराम, त्याची बायको मालनबाई आणि त्यांची एकुलती एक मुलगी मोहिनी, सगळे उठले की आधी माझ्यापाशी येऊन हात शेकत.

धोंडीरामकडे एक जाडजूड रशियन कादंबरी होती. अर्थात मराठीत आणलेली. तरुणपणी कुठल्याशा पुस्तकांच्या प्रदर्शनात ती त्याला स्वस्तात मिळाली होती. मोहिनी लहान असताना तो माझ्यापाशी बसून तिला ती वाचून दाखवायचा. बापाला ती दादा म्हणायची. एकदा तिने विचारलं, "दादा, सामोवार म्हंजे काय?"

धोंडीरामने इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्याकडे बोट केलं. "ह्यो काय! आपला बंब हाय ना, तसलाच. फक्त तिकडची मान्सं त्यातल्या पाण्याचा च्या करत्यात."

"शी!" मालनबाई चुलीपाशी होत्या, तिथूनच म्हणाल्या. "आंघोळीच्या पाण्याचा च्या? कसली वं ती मान्सं!"

त्या दिवसापासून मोहिनीने मला सामोवार करून टाकलं. पाणी उकळायच्या आधी मी गुणगुणतो, हे तुम्हाला माहीत नसेल. मोहिनी माझ्याजवळ उकिडवी बसायची आणि माझ्या सुरात सूर मिसळायची. पुढे ती नाशिकला कॉलेजात जाऊ लागली, तरी ही सवय गेली नाही. सुट्टीत तिची मैत्रीण उज्वला मळ्यावर राहायला यायची. मग दोघी मिळून तीच कादंबरी पुन्हा वाचत आणि कोणता प्रसंग सिनेमात कसा दिसेल यावर भांडत. शेवटी आतून मालनबाईंची हाक यायची, "मोहिने, पाणी काढलंय गं! चल, निवंल!"

रोजची हाक होती ती. रोजच्या गोष्टींकडे आपण लक्ष देत नाही.

एका हिवाळ्यात मोहिनी तापाने पडली. औषध चालू होतं. दोनतीन दिवसांनी संध्याकाळी ती म्हणाली, "आये, मला आंघोळ करू दे. अंग निस्तं चिकट झालंय."

"ताप हाय अजून. आज नाय," मालनबाई म्हणाल्या. "उद्या काढते पाणी."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. कोणतीही आई हेच म्हणाली असती. पण रात्रीतून ताप चढला आणि दवाखान्याच्या वाटेवरच मोहिनी गेली. तिला घरी आणलं तेव्हा अवकाळी पाऊस लागला होता. मेलेल्या माणसाच्या शेवटच्या आंघोळीचं पाणी घरातल्या भांड्यात तापवत नाहीत. अंगणात तीन दगड मांडून नव्या मडक्यात तापवतात. पण त्या पावसात दगडांमध्ये जाळ धरेना. मग भावकीतल्या कुणीतरी मलाच पेटवलं. मालनबाईंनी कबूल केलेलं पाणी दुसऱ्या दिवशी असं निघालं.

लोक म्हणाले, आता हा बंब घरात ठेवू नका, मोडीत घाला. मालनबाई म्हणाल्या, "तिचं पाणी त्यात तापलंय. मोडायचा नाय. अन् पुन्यांदा पेटवायचा बी नाय."

मग मला मागच्या शेडमध्ये औषध फवारायच्या पंपाशेजारी ठेवून वर पोतं टाकलं. घराच्या छपरावर सोलर बसला. आभाळ आलं की तो तोंड पाडून बसतो, पण त्याचं कौतुक होत राहिलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. मला दुसऱ्याच गोष्टीची भीती वाटत होती. मित्रांनो, खोटं सांगत नाही. माझ्या पोटात पाणी नव्हतं, जाळ नव्हता, तरी थंडीच्या पहाटे आत कुणीतरी गुणगुणायचं. तो सूर माझा नव्हता. मालनबाई काही न्यायला शेडच्या दारात आल्या की तिथेच थांबायच्या, कान द्यायच्या आणि काही न घेताच परत फिरायच्या. त्यांनाही ते ऐकू येत होतं. धोंडीरामला मात्र येत नसे. तो दारात बराच वेळ उभा राहायचा आणि मान हलवून निघून जायचा.

अशी बरीच वर्षं गेली. मग गेल्या हिवाळ्यात उज्वला आली. ती आता सिनेमे करत होती, आणि तिला त्याच कादंबरीवर सिनेमा करायचा होता. भाषा मराठी, पण कपडे, घरं, थंडी सगळं तिकडचं आणि दीडशे वर्षांपूर्वीचं. रशियाला जायची ऐपत नव्हती म्हणून रशिया निफाडला आली. धुकं फुकट होतं. कपडे बघणाऱ्या कुंदनने एका जुन्या नाट्यगृहाचे मखमली पडदे फाडून झगे शिवले. बागेवर टाकायचं पांढरं कापड अंगणात अंथरून बर्फ केला. पहाटे सगळे खरेखुरे उमराव दिसत. दहा वाजले की ऊन तापायचं आणि ते उमराव केसाळ टोप्या काढून कडुलिंबाखाली वारा घेत बसायचे.

कादंबरीतल्या जमीनदारणीची मुलगी घर सोडून जाते आणि परत येत नाही. तरी ती आई रोज पहाटे सामोवार पेटवते आणि मुलीचा पेला भरून ठेवते. कुंदनने भाड्याने आणलेला सामोवार लग्नाच्या मांडवातल्या शोभेच्या वस्तूसारखा चकचकीत होता. उज्वलाने तो नको म्हटलं. ती सरळ शेडमध्ये आली आणि माझ्यावरचं पोतं काढलं. मागे मालनबाई उभ्याच होत्या.

"काकू, मोहिनी याला सामोवार म्हणायची," उज्वला हळूच म्हणाली.

मालनबाईंनी खाली पडलेलं पोतं उचलून झटकलं. मग म्हणाल्या, "ने. पर पेटवू नको. शब्द दे मला."

उज्वलाने शब्द दिला. मला चिंच लावून घासलं. एवढ्या वर्षांनी अंगाला चिंच लागली आणि मला रडू आलं. पण थंड सामोवाराचा सिनेमा कसा होणार? कुंदनने वाफ दिसावी म्हणून माझ्या नळकांड्यात धूप जाळला. जमीनदारणीचं काम करणाऱ्या आशाताई खोकून बेजार झाल्या आणि रशियन घरात आरती चालल्यासारखं दिसू लागलं. "उज्वला, माझा हात गार तोटीवर पडतो आणि सगळं खोटं वाटायला लागतं," त्या म्हणाल्या. उज्वलाने त्या दिवसाचं काम थांबवलं, पण मला पेटवलं नाही. शब्द दिला होता ना.

दुसऱ्या दिवशी मालनबाई बहिणीकडे बारशाला पिंपळगावला गेल्या, त्या मुक्कामालाच. त्याच्या पुढच्या पहाटे चित्रीकरणाची तयारी चालू असताना धोंडीराम वाळलेल्या काड्यांचा भारा घेऊन आला आणि माझ्यापुढे टाकून खाली बसला.

"दादा, मी काकूंना शब्द दिलाय," उज्वला म्हणाली.

"तू नको मोडू. मी मोडतो." त्याने भाऱ्याची दोरी सोडली. "तुझ्या काकूला रोज ऐकू येतंय. मला नाय येत. मला बी एकदा ऐकायचंय."

त्याने पाणी भरलं आणि जाळ केला. तांबं तडतडलं. धग पोटात उतरली आणि थोड्या वेळाने मी गुणगुणू लागलो. माझ्या सुरात दुसरा सूर मिसळला. अगदी जवळून, कुणीतरी उकिडवं बसून मिसळावा तसा. आवाज नोंदवणाऱ्या सविताने कानांवरचे हेडफोन काढले आणि विचारलं, "कोण गुणगुणतंय?" कुणीच गुणगुणत नव्हतं. आशाताईंनी पेला भरला आणि पुढचं वाक्य विसरल्या. धोंडीराम तोंडावर उपरणं घेऊन रडत होता.

तेवढ्यात दारात मालनबाई दिसल्या. त्यांना रात्रभर चैन पडलं नव्हतं, म्हणून पहाटेच्या टेंपोतून त्या परत आल्या होत्या. सगळे उमराव माना खाली घालून उभे राहिले. मालनबाईंनी कुणाकडे पाहिलं नाही. त्या माझ्यापाशी आल्या आणि त्यांनी माझ्या पोटावर तळहात टेकला. मी चांगलाच तापलो होतो. त्यांनी हात लवकर काढला नाही.

"उज्वला, बादली आण," त्या म्हणाल्या.

तोटी सोडून त्यांनी बादली भरली. गार पाण्याचं विसण घातलं. हात बुडवून पाहिला, अजून थोडं विसण घातलं, कारण मोहिनीला फार कढत सोसत नसे. बादली न्हाणीत नेऊन ठेवली, खुंटीवर टॉवेल टाकला आणि बाहेर येऊन अगदी पूर्वीच्याच आवाजात हाक मारली,

"मोहिने, पाणी काढलंय गं! चल, निवंल!"

आणि न्हाणीचं दार लोटून घेतलं.

आतून बादलीत तांब्या बुडाल्याचा आवाज आला की नाही, यावर त्या लोकांची अजून दोन मतं आहेत. सविता म्हणते, आला. कुंदन म्हणतो, बाहेर वारा होता. काही वेळाने मालनबाई आत गेल्या. बादलीत काय होतं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. त्यांनी टॉवेल आणून दोरीवर वाळत टाकला, एवढं मी पाहिलं. माझ्या पोटातला तो दुसरा सूर मात्र तेव्हापासून थांबला आहे.

सिनेमा नाशिकला लागला तेव्हा लोकांना सामोवार फार आवडला. आता मी पुन्हा अंगणात असतो आणि मालनबाई मला रोज पेटवतात. मित्रांनो, जुनी भांडी जपा, असं मी म्हणायला हवं. जपा, चिंच काही महाग नाही. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. घरात कुणी पाणी मागितलं, गोष्ट मागितली, जवळ बसायला सांगितलं, तर जमेल तेवढं आजच द्या. आंघोळ घालता येत नसेल तर ओल्या फडक्याने अंग तरी पुसा.

पहाटे पाणी उकळायला आलं की मी गुणगुणायला लागतो. मधेच जरा थांबतो आणि ऐकतो. मालनबाईही तेव्हा हातातलं काम थांबवतात. मग आम्ही दोघं आपापल्या कामाला लागतो.