मूठभर धने

शेषेरावाला उन्हाळी लागली, लघवीला आग होऊ लागली, की घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे. सासूबाई केवळाबाई डोळ्यांनीच खुणावायच्या आणि कस्तुराबाई मूठभर धने भिजत घालायची. सकाळी ते पाणी गाळून नवऱ्याच्या हातात द्यायचं आणि शेतातला माणूस, ऊन बाधलं म्हणायचं. मेलं भर थंडीतसुद्धा ऊनच बाधायचं त्याला, आणि तेही नेमकं नांदेडचा बाजार करून आल्यावर. कस्तुराबाईच्या ओटीपोटात कळा उठत, लघवीला आग होई. तिच्या दुखण्याला मात्र घरात एकच नाव होतं, वांझ. सात वर्षांत ते इतकं चिकटलं की शेजारच्या बारशाचं बोलावणंही तिला येईना.

शेवटी माहेरचा भाऊ दगडोबा तिला नांदेडच्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि सरळ सांगितलं, "ही बीमारी तुझी नाही, नवऱ्यानं आणलेली. हिला सुजाक म्हणतात. त्याला घेऊन ये, दोघांना दवा लागेल." निजामाचं राज्य, म्हणून वर तसं उर्दूत लिहूनही दिलं. कस्तुराबाई तिथंच रडली, पण सात वर्षांत पहिल्यांदा तिला हलकं वाटलं.

चुकली ती घरी आल्यावर. गावात उर्दू वाचणारे एकटे तिचे सासरे, माधवराव. भाबडीनं चिठ्ठी त्यांच्याच हातात ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली, घडी करून फेट्यात खोवली.

"मूल व्हनार न्हाई म्हून लिवलंय."

"आन सुजाक?" कस्तुराबाई म्हणाली.

केवळाबाईंनी तिच्या तोंडावर चापट मारली. माधवराव शांतच होते. "ह्यो शबुद पुन्हा निगाला तर माहेर गाठायचं. न्हाई निगाला तर हितं भाकर हाय."

माहेरी भावजय कशी वागवील, हे तिला ठाऊक होतं. ती भाकरी थापायला बसली.

मग शेषेरावासाठी इस्लापूरची विमल पाहिली. वडील वारल्यानं लग्न लांबलेली, विशीतली. पहिली नांदत असताना दुसरी करायची तर ओटी पहिलीनंच भरायची, आणि आपला दोष आपल्याच तोंडानं चार माणसांत सांगायचा, अशी त्यांच्यात रीत. पुरुषाचा दोष सांगायची रीत कुणी काढली नव्हती.

"तुमची राजीखुशी हाय न, बाई?" विमलच्या आईनं विचारलं.

विमल पदर पसरून समोर बसली होती. कस्तुराबाईच्या ओठांवर तो शब्द आला. माधवराव खाकरले.

"हाव," ती म्हणाली. "म्या वांझ हाय." आणि तिनं खण-नारळानं विमलची ओटी भरली.

लग्नाला दोन महिने झाले असतील. थंडीनं गोठ्यातल्या बैलांवर झुली टाकायचे दिवस होते. विमल चुलीपाशी आली, हळूच म्हणाली, "आक्का, धने कंच्या डब्यात हायत? लघवीला लई आग व्हायली. आत्याबाई म्हनल्या, ऊन बाधलंय."

कस्तुराबाईची तव्यावरची भाकरी करपली.

"ऊन न्हाई, बाई. सुजाक हाय त्यो. त्यांच्याकडनं आला. मला बी तसाच आला व्हता."

विमलनं विचारलं, "तुमाला कवापासनं ठाव हाय?"

"तुज्या ओटीच्या आदीपासनं."

विमल रडली नाही, भांडलीही नाही. तिनं कस्तुराबाईसमोर पदर पसरला.

"घाला मंग धने," ती म्हणाली. "ओटी बी तुमीच भरली व्हती."