जोडलेली लढाई

चीनच्या लढाईनंतरचा उन्हाळा होता. अकोल्याच्या किसनरावांची टुरिंग टॉकीज गावोगाव फिरायची आणि मी तिच्यात मशीन चालवायचो. जिथं तंबू लागेल तिथं एकच मागणी, लढाईचा पिक्चर आणा. किसनरावांकडे तसा पिक्चर नव्हता. तुटक्या फिल्मचे तुकडे मात्र पत्र्याच्या दोन पेट्या भरून होते.

"धर्मपाल, आपनच बनवू," ते म्हणाले. "तू जोड, मी बोलतो."

फिल्म तुटली की पात्यानं कड खरवडायची, औषध लावायचं आणि दाबून धरायची, हे माझं रोजचं काम. आठ दिवसांत मी लढाई जोडली. पौराणिक पिक्चरमधले आकाशात भिडणारे बाण, ऐतिहासिकमधले घोडेस्वार, विलायती रणगाडे, चाबूक फिरवणारी एक नटी आणि सरकारी समाचारपटातले आपले शिपाई. चिनी सेनापती म्हणून तोंडातून जाळ काढणारा राक्षस घेतला. लोक त्याला ओळखायचे. "अबे, हा तं मांगच्या जत्रेत बाणानं मेल्ता!" कुणी तरी ओरडायचं आणि तंबू हसायचा. फिल्मचा आवाज बंद असायचा. किसनराव भोंग्यावर बोलायचे.

समाचारपटाच्या तुकड्यांवर काहीबाही लिहिलेलं होतं. मला तेव्हा वाचता येत नव्हतं. अक्षरांचा भाग मी अचलपूरच्या मुक्कामी कापून मैदानात फेकला.

त्यात एक शिपाई होता. रांगेत चालता चालता मान वळवून हसायचा, एवढंच. त्याच्या हसण्याला लागून मी रणगाड्याचा स्फोट जोडला. किसनराव म्हणायचे, "पडला! वऱ्हाडचा वाघ पडला!" लगेच घरगुती पिक्चरमधली आई दारात कोसळायची. इथं बायामाणसं सगळी रडायची. त्या जोडाचा मला फार अभिमान होता.

भातकुलीला पहिल्या दिवशी खेळ सुटल्यावर चतुराबाई नावाची एक म्हातारी मशीनपाशी आली. मागे तिची सून कौशल्या, तोंडाशी पदर धरून.

"हासला तो पोरगा कोन हाये?"

"मले काय मालूम, मावशी."

"माया पोरगा देवमन हाये तो. पलटनीत हाये. कुठचं हाये हे? कधीचं?"

मला सांगता येईना. ते सांगणारी अक्षरं अचलपूरच्या मैदानात पडली होती.

पौषात तिला सरकारचा कागद आला होता. बेपत्ता, एवढंच त्यात होतं. मेला असं नव्हतं.

"तेवढ्यावर म्या इच्या बांगड्या राहू देल्या," ती म्हणाली. "आता अर्ध्या गावानं त्याले मरतानी पायलं. इचे भाऊ उद्या येऊन राह्यले. घेऊन जातो म्हनतात, पाट लावतो म्हनतात."

"मावशी, ते खरं नाई. मी जोडलं ते."

"तू जोडलं? मंग तोड."

"मालक हाकलून देतील."

"तं तोडू नोको. धमाका आंधी कर. देवमनले मांगून आन. धुरातून हासत येऊ दे. इचे भाऊ पायतील."

कौशल्या पहिल्यांदाच बोलली. "मलेबी वाटते दादा, ते जिते हायेत. पन भावायले मी काय दाखवू?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दोन जोड उखडले आणि नव्यानं लावले. किसनरावांना सांगितलं नाही.

दिवेलागणीला खेळ सुरू झाला. कौशल्याचे दोघे भाऊ पुढे सतरंजीवर होते. मधे ती आणि चतुराबाई. स्फोट झाला. किसनरावांच्या तोंडात रोजचं बसलेलं. पडद्याकडे न बघताच ते ओरडले, "पडला! वऱ्हाडचा वाघ पडला!" आणि धुरातून देवमन चालत आला, मान वळवून हसला.

तंबूत शिट्ट्या सुरू झाल्या.

"मेला का नाई मेला बे?"

"भूत झालं रे भूत!"

"राक्षसालेबी जिता करा ना मालक!"

चतुराबाई उठून उभी राहिली. "जिता हाये! पाहा ना, जिता हाये!" लोकांना वाटलं, ही म्हातारीही खेळातलीच. हसून हसून माणसं एकमेकांच्या अंगावर पडली. पडद्यावरची आई दारात कोसळली तेव्हाही माणसं हसतच होती.

थोरल्या भावानं कौशल्याचा दंड धरला. "मुडदा हासून राह्यला अन् बुढी नाचून राह्यली. चाल, लय तमाशा झाला." ती गेली. एकदा वळून सासूकडे पाहिलं.

किसनराव मला मारायचेच राहिले. "लोकं इथं रडाले येतात, लेका. सकाळच्याले पह्यल्यासारखं जोड, नाही तं तुया रस्ता पाय."

मी जोडलं.

दुपारी चतुराबाई आली. मी मशीन पुसत होतो.

"जोडलं का परत?"

"हो, मावशी."

ती शिव्या देईल म्हणून मी थांबलो.

"तू त्याले रोज पायते," ती म्हणाली. "त्याचा पुढचा दात तुटका हाये. पायला का कधी?"

पाहिला नव्हता. मी फक्त जोड पाहत होतो.

"आता पायत जाय," ती म्हणाली. "म्याबी त्याले दोनच खेप पायलं. तू रोज मारते त्याले."

त्यानंतर धामणगावला तंबू लागला. देवमन पडद्यावर यायचा तेव्हा मी मान खाली घालून मशीनच्या चाकाकडे बघायचो. तंबू रडत होता. किसनरावांनी तिथला मुक्काम आठ दिवसांनी वाढवला.