उशीवाल्याचं पहिलं गिऱ्हाईक

उशीवाला हे नाव त्याला दाजींनी ठेवलं, आणि ते असं काही चिकटलं की सख्खी आईसुद्धा फोनवर "उशीवाला बाहेर गेलाय" असं सांगायला लागली. गाद्यांच्या एका मोठ्या दुकानात तो बरीच वर्षं विक्रीला होता. दुकान बंद पडलं, मालक दुसऱ्या धंद्यात गेला, आणि याच्या डोक्यात उशा तेवढ्या राहिल्या. मग याने वेबसाइट काढली. एक नाही, चांगल्या तीन. एक उशांची, एक शिड्यांची आणि एक गजराच्या घड्याळांची. शिड्याच का, असं त्याला कृपा करून विचारू नका. बायकोने एकदा विचारलं होतं, त्या दिवशी तिला चष्म्याच्या दुकानात कामावर जायला उशीर झाला.

हिशोब तसा सरळ होता. लोकांनी याचं पान वाचायचं, पसंत पडलेल्या उशीखालच्या लिंकवर बोट ठेवायचं आणि कंपनीकडून उशी मागवायची. कंपनी त्यातला चिमूटभर हिस्सा याला देणार. उशी परत गेली तर हिस्साही परत. आणि असे चिमूटभर हिस्से साचून ठरावीक रक्कम झाली, की मगच ती बँकेत येणार. आता गंमत अशी, की लोकांनी विकत घ्यावं म्हणून लिहायचं असतं, आणि आमचा हा शहाणा प्रत्येक पानाच्या शेवटी ठळक अक्षरांत लिहायचा, "ही उशी कोणी घेऊ नये." आणि खाली सगळी यादी. कुशीवर झोपणाऱ्याने ही घेऊ नये, पालथं झोपणाऱ्याने ती घेऊ नये, ज्याला उन्हाळ्यात घाम येतो त्याने तर हिच्याकडे बघूसुद्धा नये.

"अहो, पण मग घ्यायची कोणी?" बायको म्हणायची.

"ज्याला लागते त्याने!" तो तडकून म्हणायचा. "दुकानात मालक पाठीशी उभा असायचा. महागातली काढून दाखव, महागातली. इथे माझ्या पाठीशी कोणी नाही. इथे मी खरं लिहिणार."

खरं लिहायला त्याला विलक्षण आवडायचं. स्वयंपाकघराच्या दाराजवळ, शिवणाचं मशीन बाजूला सरकवून केलेल्या जागेत तो लॅपटॉप घेऊन बसायचा आणि एकेका उशीवर असा काही लिहायचा, जणू स्थळ सांगून आलंय आणि मुलीकडच्यांना सगळं कळलंच पाहिजे. वाचायला मात्र कुत्रं फिरकत नव्हतं. शिड्यांच्या पानावर दिवसभरात एकच माणूस येऊन जायचा, आणि तो स्वतः हाच असायचा.

अशात सगळे ताईकडे जेवायला गेले असताना दाजींनी विषय काढला. दाजी म्हणजे ताईचा नवरा. फरशीचं दणदणीत दुकान, दणदणीत आवाज, आणि मान मात्र वर्षानुवर्षं आखडलेली. कोणी हाक मारली की मानेऐवजी अख्खे दाजी वळायचे.

"काय उशीवाले," अख्खे वळून ते म्हणाले, "आला का एखादा पैसा? की नुसतीच झोप?"

"येईल दाजी. वेळ लागतो याला."

"अरे, वेळ काय फुकट मिळतो? बायको चष्मे विकून घर चालवतेय. माझ्याकडे विक्रीला माणूस हवाय, आणि तू उशांवर निबंध लिहितोयस!" मग आवाज थोडा खाली आला. "हे बघ, माझ्या पोरीच्या परीक्षा संपेपर्यंत वाट बघू. तोवर कंपनीचे पैसे एकदा, फक्त एकदाच, तुझ्या बँकेत येऊ देत. मी कान पकडीन. नाही आले, तर गुमान दुकानात यायचं. कबूल?"

बायको ताटाकडे बघत होती. आईने घास हातातच धरला होता. याने मान डोलावली. फरशीचं दुकान काही वाईट नव्हतं, दाजी तर मनाने लाखमोलाचे. पण आयुष्यात पहिल्यांदा याला मनासारखं काम सापडलं होतं, आणि ते हातचं जाणार या विचाराने त्याला अगदी रडू येईल असं वाटलं.

पुढे बरेच दिवस काही घडलं नाही. तो सकाळी उठून आधी विक्रीचं पान उघडायचा आणि मग तोंड धुवायचा. पानावर शून्य. तोंड धुतल्यावरही शून्य.

आणि मग एका सकाळी उशी गेली! दुपारी आणखी एक. दुसऱ्या दिवशी लागोपाठ. त्याही साध्यासुध्या नाहीत, सगळ्यात महागातल्या, मानेखाली दाबली की हळूहळू फुगणाऱ्या. ज्यांच्या पानावर याने ‘कोणी घेऊ नये’ची सगळ्यात लांब यादी दिली होती, नेमक्या त्याच.

"मथळा बदलला ना, त्याचा परिणाम!" त्याने बायकोला जाहीर केलं. "मथळा म्हणजे दुकानाची पाटी असते. लोकांना खरं आवडतं गं. आपल्यालाच उगाच वाटतं की लोक मूर्ख आहेत."

"हो ना," बायको म्हणाली आणि ओठ दाबून घाईघाईने डबा भरायला लागली.

तो तर नुसता हवेत होता. शिड्यांच्या पानाचेही मथळे बदलले. आईला पुढ्यात बसवून लोक काय काय वाचतात ते समजावलं. आईने डोळ्याला पदर लावला. याला वाटलं, अभिमानाने.

आता एका घड्याळाचं सांगते. गजराच्या घड्याळाच्या एका कंपनीने याला वापरून बघायला घड्याळ पाठवलं होतं आणि ते परत करायचं होतं. म्हणून एका सकाळी हा पार्सलच्या ऑफिसात गेला. रांग चांगली दारापर्यंत. याच्या पुढे एक बाई पोटाशी भलंमोठं खोकं धरून उभी होती. खोक्यावर उशीच्या कंपनीचं नाव बघून याचं काळीज हललं. माझी उशी! माझी वाचक! काहीतरी बोलावं म्हणून तो खाकरला, तशी बाई वळली. ती मावशी होती.

"अगं बाई!" मावशी म्हणाली आणि खोक्यामागे लपायला गेली. मावशीचा घेर बघता ते काही जमलं नाही.

मावशीच्या पुढे शेजारच्या काकू होत्या. त्यांच्याकडेही खोकं. त्यांच्यापुढे बायकोची मैत्रीण. आणि सगळ्यात पुढे, खिडकीशी, एका काखेत एक आणि दुसऱ्या काखेत दुसरं खोकं घेऊन याची प्रत्यक्ष आई उभी होती. खिडकीतला माणूस वैतागून म्हणत होता, "आजी, काय चाललंय काय? रोज उशाच उशा परत! तुमच्याकडे झोपत नाही का कोणी?"

"आई!" हा ओरडला.

अख्खी रांग वळली. आईने खोकी खाली ठेवली, पण तिचा चेहरा काही चोरी पकडल्यासारखा झाला नाही. उलट तीच करवादली. "ओरडतोस कशाला? तूच म्हणालास ना, विकली गेली की हिस्सा मिळतो? आम्ही घेतली. तुला मिळाला. आता एवढ्या उशा घरात ठेवायच्या कुठे, तुझ्या डोक्यावर? म्हणून परत. कोणाचं काही गेलं का?"

"आणि महागातलीच घ्यायची असं ठरलं होतं," मावशी कौतुकाने म्हणाली. "हिस्सा जास्त पडतो. तुझ्या ताईने शोधून काढलं."

म्हणजे ताईसुद्धा! संध्याकाळी बायकोनेही कबूल केलं. फोनवर गट केला होता, मदत मंडळ नावाचा. त्यात याला सोडून सगळे होते. दाजींनाही घेतलं नव्हतं, कारण ज्यांना कान पकडायला लावायचे त्यांनाच कसं सांगणार?

"उशी परत गेली की हिस्साही परत जातो," हा हळूच म्हणाला. "मी सांगितलं होतं तुला."

बायकोने कपाळावर हात मारला. "अहो, तुम्ही इतकं सांगता हो! त्यातलं नेमकं हेच राहिलं."

तो हसला नाही. त्याने लॅपटॉप मिटला. "पैशाचं सोड गं," तो म्हणाला. "मला वाटलं होतं, कोणीतरी वाचतंय." मग मात्र बायकोलाच रडू फुटलं, आणि तिची समजूत घालता घालता याचा राग कुठल्या कुठे गेला. इतक्या बायका आपल्यासाठी खोकी वाहत होत्या, त्यांच्यावर रागवायचं तरी कसं?

कंपनीला मात्र असा पाझर फुटत नसतो. दोन दिवसांतच पत्र आलं. तुमच्या लिंकवरून गेलेला माल एकाच भागातून परत येत आहे, खरेदी करणारे तुमचे कोण लागतात ते कळवा, तोपर्यंत खातं स्थगित. विक्रीच्या पानावर प्रत्येक ओळीपुढे लाल अक्षरांत ‘परत’. नुसती लालेलाल रांग. आणि त्या रांगेत मधेच एक ओळ काळी. ती उशी परत गेलेली नव्हती.

आणि ती महागातलीही नव्हती. साइटवरची सगळ्यात स्वस्त, पातळ, चपटी उशी. ‘पालथं झोपणाऱ्यांनी मान सांभाळायची असेल तर एवढीच घ्यावी, याहून जाड अजिबात नाही’ असं याने तिच्याबद्दल लिहिलं होतं. तिच्यातून मिळणाऱ्या हिश्श्यात चहाही आला नसता.

त्याने आईला विचारलं, मावशीला विचारलं, काकूंना विचारलं. ताईला फोन केला. सगळ्यांनी शपथेवर सांगितलं, आमची परत केली बाबा, आणि असली चपटी तर आम्ही मागवलीच नव्हती. मग कोण? कोणीतरी अनोळखी! कोणीतरी कुठेतरी बसून ते पान शेवटपर्यंत वाचलं होतं आणि मान सांभाळायला उशी घेतली होती. त्याला इतका आनंद झाला की तो उठून शिड्यांचं पान बघून आला.

पण एका चपट्या उशीने बँकेत काही येत नाही. भाचीच्या परीक्षा संपल्या. ठरल्याप्रमाणे रविवारी दुपारी तो ताईकडे गेला. शब्द दिला होता, तो पाळायचा.

"दाजी कुठेत?"

"झोपलेत," ताई म्हणाली. "हल्ली रविवारी असे झोपतात की विचारू नकोस. थांब, चहा टाकते."

खोलीचं दार उघडंच होतं. दाजी पलंगावर पालथे पसरले होते, घोरणं थेट बाहेरपर्यंत येत होतं. आणि त्यांच्या गालाखाली ती चपटी उशी होती. याने शिवणीवरूनच ओळखली. दारातच उभा राहिला तो, चप्पल काढायचंही विसरला.

"ताई! ही परत नाही केलीस?"

"ही माझी नाहीच मुळी," ताई कुजबुजली. "यांनीच आणली कुठूनशी. मला म्हणाले, हात लावायचा नाही."

तेवढ्यात दाजी जागे झाले. हाक ऐकून त्यांनी मान वळवली. नुसती मान! खांदे जागच्या जागी.

दाजींनी उशी पांघरुणाखाली ढकलली, पण उशीर झाला होता.

"काय बघतोस?" दाजी गुरकावले. "तुझं ते पान वाचायला घेतलं होतं. म्हटलं, चार चुका काढून ठेवाव्यात, जेवताना सगळ्यांसमोर वाचून दाखवाव्यात. तर खाली लिहिलेलं, पालथं झोपणाऱ्यांनी जाड उशी घेऊ नये, मान आखडते. अरे, मी जन्मभर पालथा झोपतोय जाड उशीवर! डॉक्टरने कधी विचारलं नाही, बायकोने विचारलं नाही. तूच विचारलंस."

याने आता कुठे चप्पल काढली. मग तो म्हणाला, "दाजी, अट म्हणजे अट. पैसे आले नाहीत. उद्यापासून येतो दुकानात."

"काही येऊ नकोस! तुला दुकानात घेतला तर तू गिऱ्हाइकाला सांगशील, न्हाणीघराला ही फरशी घेऊ नका, घसराल. मला बुडवायला निघालायस?" दाजी उठून बसले. "मुदत वाढवली. कितीने, ते मी ठरवीन. आणि काय, माझ्या उशीचा तरी हिस्सा मिळाला ना तुला?"

"नाही मिळायचा." त्याने कंपनीचं पत्र दाखवलं. "नातेवाइकांची खरेदी धरत नाहीत. बाकीच्यांची नावं मी कळवलीत. आता तुमचंही कळवावं लागेल."

"म्हणजे? त्या परत करणाऱ्या बायका आणि मी सारखेच?" दाजींचा आवाज फरशीच्या दुकानातल्यासारखा चढला. "मी स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या अकलेने घेतली! आण तो फोन इकडे."

"दाजी, मी लिहितो ना..."

"तू गप बस. तू लिहिशील, माफ करा म्हणून."

दाजींनी चष्मा चढवला, फोन नाकाशी धरला आणि एका बोटाने अक्षर अक्षर शोधत लिहायला लागले. ताई चहा घेऊन दारात थांबली. बऱ्याच वेळाने दाजींनी फोन याच्या हातात दिला आणि पुन्हा पालथे पडले. पत्र कंपनीला गेलंही होतं. त्यात लिहिलं होतं,

"मी याचा मेहुणा आहे. हा धंदा बंद पडावा म्हणून मीच मागे लागलो होतो. याच्यावर हसायला पान वाचलं आणि उशी घेतली. मान बरी आहे. हिस्सा द्या, नका देऊ, तुमची मर्जी. उशी परत मिळणार नाही."