नव्या रंगाची प्लेट

वेंडेलने थिनरमध्ये बुडवलेलं फडकं नंबरप्लेटवर करकचून घासलं. पहिला आकडा, चार, निळ्या रंगासकट फडक्यावर उतरला.

"कुठल्या गाढवाने फासलाय हा रंग," गॅरेजमध्ये तो एकटाच करवादला.

ओहायोतल्या या गॅरेजच्या भिंतीवर दोनशे प्लेटा होत्या, सगळ्या खास जुन्या मोटारींना दिलेल्या, मूळ रंगाच्या, गंजाच्या डागांसकट. रंग दिलेली प्लेट म्हणजे मेलेली प्लेट, हे तो संग्राहकांच्या प्रत्येक मेळाव्यात नवख्यांना सुनवायचा. एकच खिळा रिकामा होता, बाबांच्या जुन्या प्लिमथ मोटारीच्या प्लेटसाठी. ती प्लेट बावीस वर्षं आर्डिसकडे, त्याच्या थोरल्या बहिणीकडे पडून. मागितली की बाई विषय बदलायची. आता राहतं घर विकायला काढलं म्हणून सकाळी तिने ती आणून दिली, आणि पाहतो तर प्लेट नवी कोरी! त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दारातच तो तिला नको नको ते बोलला. ती "अरे, ऐक तरी" म्हणत होती, पण याने तिच्या तोंडावर दार लावलं.

दुसरा आकडाही उतरला. खाली मूळ रंग शाबूत होता, एक ओरखडा नाही. एवढ्या रागातही त्याला हसू फुटलं.

तेवढ्यात मागच्या दाराने आर्डिस आत आली. इतका वेळ ती बाहेर गाडीतच बसून होती. तिने फडक्याकडे पाहिलं.

"केलंस ना वाटोळं?"

"वाटोळं तू केलंस. मी निस्तरतोय."

"मी ब्रश हातात धरला नाही, वेंडेल. बाबांनी रंगवलीय ती. शेवटच्या उन्हाळ्यात, लकवा मारल्यावर, डाव्या हाताने. तुझ्या वाढदिवसाला द्यायची म्हणून. तू आलाच नाहीस."

"मग इतकी वर्षं दिली का नाहीस?"

"तू हेच करशील म्हणून. सकाळी तेच सांगत होते. ऐकलंस?"

वेंडेलने प्लेट उजेडात धरली. उरलेल्या तीन आकड्यांच्या कडा ओलांडून निळा रंग बाहेर गेला होता. एके ठिकाणी तो अंगठ्याने पुसायचा प्रयत्नही केलेला दिसत होता.

थिनर अजून ओला होता. त्याचा ओघळ तिसऱ्या आकड्याकडे सरकत होता. वेंडेलने घाईघाईने शर्टाची बाही ओढली आणि टिपायला लागला. बाही निळी होत गेली.