चौथं काम

वर्षाची सभा दुपारी चारला होती, आणि सकाळी नऊलाच कारकुनानं चारही कामांपुढं बरोबरची खूण करून कागद टेबलावर ठेवला होता.

सरपंचबाईंनी तो हातात घेतला. निवडून आल्या त्या दिवशी त्यांनी गावासमोर चार कामं कबूल केली होती. शाळेचं छप्पर, बाजाराच्या रस्त्याचं गटार, दवाखान्याच्या पायऱ्यांशेजारी म्हाताऱ्यांसाठी उतार, आणि खालच्या वस्तीला नळ. बाकीचे चाळीस सांगतात आणि एक करत नाहीत, आपण चारच सांगू पण करून दाखवू, असं त्यांचं सरळ गणित होतं.

छप्पर त्यांनी वादळात आत उभं राहून पाहिलं होतं. गटारात स्वतः बादल्या ओतून पाणी कुठं तुंबतं ते शोधलं होतं. उतारावरून तर सासूबाईंना दोनदा चढवून उतरवून आणलं होतं. राहिले नळ. ते बसले तेव्हा पहिली धार बाईंच्याच ओंजळीत पडली होती, पण त्याला आता पाच महिने झाले होते.

"वस्तीत जाऊन तांब्याभर पाणी पिऊन येते. मग वाचते हे," त्या म्हणाल्या.

कारकून खुर्चीतून अर्धवट उठला. "आत्ता? ऊन बघा ना केवढं. आणि वस्तीचं दादा बघतायत की."

"ते बघतात तर मी बघितलं म्हणून काय झिजणार आहे?"

दादा म्हणजे बाईंचा नवरा. बायकोच्या मागं चालतो म्हणून गावानं त्याला कमी टोमणे मारले नव्हते. तरी त्यानं आपणहून म्हटलं होतं, "तू शाळा-दवाखाना बघ, पाण्याचं माझ्यावर सोड." त्या दिवशी बाई चुलीपुढं बसून गुपचूप डोळे पुसत हसल्या होत्या. असा नवरा मिळायला भाग्य लागतं, असं त्यांनी चार बायकांत बोलूनही दाखवलं होतं.

वस्तीची उतरण म्हणजे नुसता फुफाटा. पाय टाकला की घोट्यापर्यंत माती. पहिल्या नळापाशी बाई थांबल्या. चावी फिरवली. नळ खोकलासुद्धा नाही. तोंडाशी कोळ्यानं जाळं विणलं होतं. दुसऱ्या नळाला कुणीतरी कांद्याची पिशवी अडकवली होती, आणि तिसऱ्याच्या ओट्यावर कोंबडी अंडी उबवत बसली होती. तिनं बाईंकडं असं पाहिलं, जणू जागा तिच्याच नावावर होती.

ओढ्याकडून सुईण मावशी येत होती. डोक्यावर हंडा, काखेत कळशी, वय सत्तरीच्या पुढं. बाईंची दोन्ही लेकरं याच म्हातारीच्या हातांत जन्मली होती. निवडणुकीत वस्तीतल्या दारादारांत जाऊन "माझी पोरगी उभी आहे" असं सांगणारीही तीच.

"मावशी, नळाला पाणी नाही?"

म्हातारीनं हंडा उतरवला नाही. "थट्टा करायला आलीस का गं?"

"कधीपासून नाही?"

"महिनाभर आलं. मग एक दिवसाआड झालं. मग तुझा नवरा येऊन म्हणाला, बाईंचा निरोप आहे, टाकीत पाणी कमी आहे, थोडी कळ काढा. काढतोय. ओढ्यात खड्डा करतो, वाटीवाटीनं उपसतो. एक हंडा भरेस्तोवर मान मोडते."

"मी असा निरोप दिला नाही, मावशी! आणि तुम्ही मला येऊन सांगायचं नाही का?"

"काय सांगायचं? पाणी तुझ्याच परसात जातंय, ते तुलाच सांगायचं?"

बाईंचा हात नळावरच राहिला. "माझ्या परसात?"

"घरात राहतेस ना तू? डोळे असतात ना माणसाला?" एवढं बोलून म्हातारी पुढं निघून गेली. हंड्यातलं पाणी डचमळून तिच्या गालावर सांडलं, तेही तिनं हातानं निपटून तोंडाला लावलं.

नळासाठी खणलेल्या चराच्या खुणेनं बाई वर चढल्या. बुजवलेली माती अजून वेगळी दिसत होती. ती खूण पोचली थेट त्यांच्याच कुंपणाशी. तिथं गोणपाट पडलं होतं. उचललं तर खाली वस्तीकडचा बंद केलेला व्हॉल्व, आणि त्याच्या बाजूनं नवी काळी नळी कुंपणातून आत गेलेली.

आत मिरचीचा वाफा होता. सगळं शिवार करपून गेलं, पण हा वाफा हिरवागार. उन्हाळाभर बाईंनी त्याचं कौतुक केलं होतं. "तुमच्या हाताला गुण आहे," असं रोज ताटावर म्हटलं होतं. त्या मिरच्या खाल्ल्या होत्या, शेजारणींना वाटल्या होत्या.

नवरा वाफ्यात उभा होता. पायाखाली चिखल. बाईंच्या हातातलं गोणपाट बघून त्यानं मान खाली घातली नाही, हे त्यांना जास्त लागलं.

"कुणाला विचारून?" बाईंनी विचारलं.

"माझ्या घरात मी कुणाला विचारू? वर्षभर बाईंचा नवरा, बाईंचा नवरा ऐकतोय. तुला शाळेत खुर्ची, दवाखान्यात खुर्ची. मला काय? दोन वाफे हिरवे झाले तर कुणाच्या पोटात दुखतंय? वस्ती आजवर ओढ्यावरच जगली."

"माझ्या नावानं निरोप दिलात तुम्ही."

"तुझ्या नावानं दिला म्हणून तर ऐकलं त्यांनी."

"कारकुनाला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच माहीत होतं. तुलाही आहे असंच समजतात लोक."

म्हणजे इतके महिने बाई ज्या ज्या माणसाशी हसून बोलल्या, तो मनात काय म्हणत असेल? नमस्कार करणारा कारकून, चहापाणी विचारणाऱ्या बाया, सगळे. कुंपणानं शेत खाल्लं म्हणतात, पण इथं कुंपणालाच पत्ता नव्हता आणि नाव मात्र कुंपणाचं.

"चारला सभा आहे," नवरा म्हणाला. "खुणा केल्यात. वाच आणि मोकळी हो. आठ दिवसांत मी जोडून देतो, शपथ."

बाई कागद आणायला निघाल्या.

सभा शाळेच्या पडवीत भरली. नवरा पुढच्याच रांगेत, धुतलेल्या सदऱ्यात. वस्तीच्या बायका मागं खांबाशी. बाईंनी तीन कामं वाचली, टाळ्या पडल्या. मग त्यांनी पाण्याचा घोट घेतला.

"चौथं काम झालेलं नाही. इथं खूण आहे, ती खोटी आहे. वस्तीचं पाणी माझ्या परसात गेलंय. मिरच्यांना."

निवडणुकीत पडलेला दुकानदार उठला. "म्हणजे चोरी कबूल! राजीनामा द्या!"

"मागा, देईन. आधी नळी कापू, मग कागद लिहू."

नवरा ताडकन उठला. "घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणलीस!"

"घरातली कुठली? घराला तर आजच कळली."

तो चपला न घालताच निघून गेला. कुणी हसलं नाही. टाळ्याही कुणी वाजवल्या नाहीत. बाईंना मनात कुठंतरी वाटलं होतं, मावशी तरी एक शब्द बोलेल. तिनं तोंड फिरवलं.

सुताराची करवत घेऊन बाईंनीच नळी कापली. मागं सगळी सभा उभी. नळीचं तोंड बंद केलं, व्हॉल्व उघडला, आणि सगळे उतरणीनं खाली धावले. नळ आधी हवा थुंकला, मग लाल गढूळ पाणी, मग स्वच्छ धार. बायकांची झुंबड उडाली. बाईंना कुणी धक्का दिला नाही आणि कुणी जवळही बोलावलं नाही.

मावशीचा हंडा भरला. बाई पुढं झाल्या आणि व्हॉल्वची लोखंडी चावी तिच्यापुढं धरली. "ही आता तुमच्याकडं ठेवा."

म्हातारीनं चावी उलटसुलट करून पाहिली आणि कमरेला खोचली.

"तुझ्यावर भरवसा राहिला नाही म्हणून घेते. समजलीस?"

"समजले."

"मग उचलू लाग."

बाईंनी वाकून हंड्याला हात लावला.