खालची जाळी

पिंजरा तयार झाला म्हणजे झाला, असं बाबांच्या कारखान्यात नव्हतं. आधी वरचा दिवा लावून अर्धा तास पिंजरा तापू द्यायचा. मग सुतळीचा वीतभर तुकडा पेटवायचा, फुंकर मारून ज्योत घालवायची आणि धुमसतं टोक पिंजऱ्याच्या समोर, अगदी तळाशी, चार बोटं उंचीच्या जाळीपाशी धरायचं. धूर आपसूक आत ओढला जायला हवा. कुंड्यांतल्या पानांमधून वाट काढत तो वर चढला आणि छताच्या जाळीतून बाहेर पडला, की बाबा म्हणायचे, "घेतोय श्वास." मगच पिंजरा गाडीत. धूर मध्येच घुटमळला तर पुन्हा सगळे स्क्रू उघडायचे, मग गिऱ्हाईक दारात उभं का असेना.

हे पिंजरे सरड्यांचे. कुंपणावर मान हलवत बसणाऱ्यांचे नव्हेत. रंग बदलणाऱ्या, दोन डोळे दोन दिशांना फिरवणाऱ्या, चिमट्यासारख्या बोटांनी फांदी धरणाऱ्या सरड्यांचे. त्यांना रोज फवाऱ्याचं पाणी लागतं, आणि ते पाणी पुढच्या फवाऱ्याआधी वाळावंही लागतं. वरच्या दिव्याने हवा तापते, वर जाते, आणि तिच्या जागी खालच्या जाळीतून ताजी हवा येते. सगळी करामत एवढीच. बाबा म्हणायचे, "आपल्याला उकडलं तर आपण खिडकी उघडतो. त्याच्या खिडक्या आपल्या हातात आहेत."

कारखान्यात माणसं तीन. बाबा, जाळी ताणून बसवणारी आत्या, आणि शाळा सुटली की दप्तर भुशात टाकून हजर होणारी फोरमनबाई.

फोरमनबाई म्हणजे बाबांची मुलगी. गेल्या वर्षापर्यंत वर्गात हजेरी देतानाही तिचा आवाज घशातच राहायचा. मग सुट्टीत तिने एकटीने एका पिंजऱ्याची चौकट जुळवली, चारही कोपरे काटकोनात, कुठे केसभर फट नाही. बाबांनी काटकोन तपासायचा गुण्या लावून पाहिला, पुन्हा लावून पाहिला, आणि मान डोलावली. त्या दिवसापासून बाईंचे पाय जमिनीवर नव्हते. पेन्सिल कानामागे अडकवून त्या बाबांना सल्ले देत, आत्याच्या चुका काढत.

"जाळी डावीकडे सैल आहे गं, आत्या."

"हो का, फोरमनबाई? आणि तुमची वेणी उजवीकडे सैल आहे. आधी ती ताणा."

हे नाव आत्यानेच ठेवलेलं. चिडवायला ठेवलेलं, पण मुलीला ते पदक मिळाल्यासारखं वाटायचं.

महिन्यापूर्वी नर्सकाकूंचा फोन आला, तेव्हा बाबा दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे पिंजरा बसवायला गेले होते. नर्सकाकू निवृत्त झालेल्या. त्यांचे यजमान दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेले. बोलणं गेलं, हातपाय गेले. राहिले फक्त डोळे, तेही दिवसभर छताला लागलेले. मग कुणीतरी एक सरडा पाळायला दिला आणि काकांचे डोळे छतावरून खाली उतरले. सरडा फांदीवर एक पाऊल टाकायचा, थांबायचा, मागेपुढे झुलत विचार करायचा, मग दुसरं. काकांचे डोळेही तसेच सरकायचे आणि थांबायचे. त्याच्या त्या रुबाबामुळे काकू त्याला साहेब म्हणत. साहेबांसाठी पलंगासमोर ठेवायला बाबांनी खास पिंजरा केला होता. तिन्ही बाजूंनी काच, काकांना उशीवरून सगळं दिसेल असा. हे नवं डिझाइन होतं. तसाच दुसरा एक कारखान्यात अर्धा झाला होता.

"खालून पाणी गळतंय गं," काकू फोनवर म्हणाल्या. "फवारा सुटला की समोरच्या जाळीतून थेंब बाहेर येतात. ह्यांची कूस बदलताना आज माझा पाय सरकला. बाबांना सांगशील?"

"मी येते ना, काकू," फोरमनबाई म्हणाली.

ती सायकलवरून गेली. बरोबर पारदर्शक प्लास्टिकची एक पट्टी आणि सिलिकॉनची नळी. पट्टी तिने मापात कापली, जाळीच्या आतून चिकटवली, कडा बोटाने सफाईने पुसल्या. पट्टी लावलीय हे सांगितल्याशिवाय कळलं नसतं, इतकं काम नेटकं. फवारा सोडून पाहिला. जमीन कोरडी ठणठणीत.

"वा," काकू म्हणाल्या. "तू तर बाबांच्या वरताण निघालीस."

तिच्या खिशात सुतळी होती, काडेपेटी होती. कसलाही बदल केला की धूर सोडून बघायचा, हा नियम तिला पाठ होता. पण ते शब्द कानात घुमत होते आणि चेहरा फुललेला होता. ती तशीच सायकलवर बसली आणि घरी येईपर्यंत गाणं म्हणत राहिली. बाबांना तिने एवढंच सांगितलं, "गळत होतं, मी बंद केलं." बाबा हसून म्हणाले, "शाबास." कसं बंद केलं, हे त्यांनी विचारलं नाही.

परवा काकूंचा पुन्हा फोन आला. तो बाबांनी घेतला.

"साहेब तोंड उघडं ठेवून, मान वर करून बसलाय," फोन ठेवून ते म्हणाले. "श्वास घेताना टकटक आवाज येतोय. जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, छातीत कफ झालाय. ओल साचली, हवा खेळली नाही. त्याला दवाखान्यात ठेवून घेतलंय. वाचेल असं काही त्या म्हणत नाहीत."

आत्याच्या हातातली जाळी तशीच राहिली. "आपल्या पिंजऱ्यात? धूर तर सरळ वर गेला होता."

"इथे गेला. तिथे खोली लहान आहे, पिंजऱ्याला तिन्ही बाजूंनी काच. मीच चुकलो असणार."

ती पट्टी फोरमनबाईच्या डोळ्यांसमोर उभी राहिली, स्वच्छ, पारदर्शक, कुठेही फट नसलेली. हवा आत यायची एकमेव वाट तिने स्वतःच्या हाताने बंद केली होती, आणि कडा पुसून चकचकीत केल्या होत्या.

ती बोलली नाही. जेवताना बोलू, असं ठरवलं. जेवताना बाबा ताटात बोट फिरवत बसले होते, म्हणून सकाळी बोलू असं ठरवलं. सकाळी शाळेची घाई होती. वर्गात बाईंनी दोनदा नाव घेतलं तरी तिला ऐकू गेलं नाही. दोन दिवस तिच्या तोंडाला कुलूप होतं, आणि आत्याने एकदाही फोरमनबाई म्हणून हाक मारली नाही. मारली असती तर तिला ती सोसली नसती.

आज शाळेतून येताना गल्लीच्या तोंडाशीच करवतीचा आवाज ऐकू आला. लाकूड कापण्याच्या आवाजातही फरक असतो. माप घेऊन कापताना बाबा मध्ये मध्ये थांबतात. हा आवाज थांबत नव्हता.

ती आत आली. तो दुसरा, काचेचा पिंजरा टेबलावर आडवा होता. दोन बाजू कापून झाल्या होत्या. त्यातली एक चौकट तिने जुळवलेली होती, चार काटकोनांची.

"बाबा, काय करतोयस?"

"ज्याने जनावर आजारी पडतं, ते मी कुणाच्या घरी पाठवणार नाही," बाबा मान वर न करता म्हणाले. "नर्सकाकूंकडचाही रविवारी उचलून आणू. हे डिझाइन संपलं."

आत्या कोपऱ्यातून हलक्या आवाजात म्हणाली, "मी सांगून थकले. काच तरी काढून घेऊ दे म्हटलं."

करवत पुन्हा लाकडावर टेकली.

"बाबा, थांब. डिझाइन बरोबर आहे."

"तुला काय माहीत?"

"मला माहीत आहे. खालची जाळी मी बंद केली. आतून पट्टी लावली. गळतंय म्हणून." तिला वाटलं होतं रडू येईल, पण आवाज कोरडा निघाला. "धूर सोडून नाही बघितला. आणि मला परवाच कळलं होतं."

बाबांनी करवत खाली ठेवली. पंख्यामुळे भुसा जमिनीवर फिरत होता. ते त्याच्याकडे बघत राहिले.

"परवा," ते म्हणाले.

"हो."

"म्हणजे मी काल रात्री जागाच होतो, ते तुला माहीत होतं."

तिने होकारार्थी मान हलवली. बाबांनी आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. त्यांनी हात झटकले, भिंतीवरची किल्ली काढली आणि म्हणाले, "पट्टी उचकटायला पातळ पातं घे. चल."

आत्याने जाताना तिच्या केसांतला भुसा काढला.

काकांच्या खोलीत पिंजरा रिकामा होता. दिवा चालू होता, पानांवर पाणी होतं, आणि काचेला आतून वाफ धरली होती. दार उघडताच कोंदट, शेवाळलेला वास आला. काका छताकडे बघत होते.

"काकू," फोरमनबाई दारातच म्हणाली, "साहेब माझ्यामुळे आजारी पडला. मी पाण्याबरोबर हवापण अडवली."

काकूंनी तिच्याकडे पाहिलं, मग खालच्या जाळीकडे. त्या गुडघ्यावर हात टेकून वाकल्या, नखाने जाळी चाचपली. नखाला मागचं प्लास्टिक लागलं.

"तीस वर्षं मी वॉर्डात खिडक्या उघडत फिरले," त्या म्हणाल्या. "आणि रोज ही काच पुसत होते. वाफ का येते, हे मलाही सुचलं नाही. जमीन कोरडी झाली म्हणून मी खूश." त्यांनी पाठ सरळ केली. "पण तू लगेच सांगायला हवं होतंस, बाळा. मी डॉक्टरीणबाईंना चार वेळा विचारलं, माझं कुठे चुकलं म्हणून."

ती खाली बसली आणि पट्टी उचकटू लागली. सिलिकॉन चांगलं धरलं होतं. काम नेटकं होतं ना. अर्धा तास लागला. मग तिने जाळीच्या आत एक पट्टी तिरकी बसवली, पन्हळीसारखी, थेंब मागे ट्रेमध्ये जातील आणि खालून हवेला वाट राहील अशी. बाबा शेजारी उभे होते. त्यांनी एकदाही हात लावला नाही. कोन जरा चुकला तेव्हा फक्त "हं" म्हणाले आणि तिने तो सुधारला.

शेवटी त्यांनी खिशातून सुतळी आणि काडेपेटी काढून तिच्यापुढे धरली. "तू."

सुतळी पेटली, विझली, धुमसली. तिने टोक जाळीपाशी धरलं. मनगट दुसऱ्या हाताने घट्ट धरलं. धूर क्षणभर तिथेच रेंगाळला. मग वाकला, आत शिरला, रिकाम्या फांद्यांमधून सावकाश वर चढू लागला.

"अहो," काकू हळूच म्हणाल्या. त्या पिंजऱ्याकडे बघत नव्हत्या.

काकांचे डोळे छतावरून उतरले होते. ते धुराबरोबर वर जात होते, पिंजऱ्याच्या वरच्या जाळीपर्यंत.

"घेतोय श्वास," बाबा म्हणाले. गाडीत बसल्यावर त्यांनी एवढंच सांगितलं, "कापलेला पिंजरा तू जोडायचास. एकटीने. आणि बाहेर पाठवायच्या आधी मला हाक मारायची."

नंतरचे बारा दिवस ती शाळा सुटल्यावर आधी काकूंकडे जायची. पानं पुसायची, ट्रे धुवायची, कुंड्यांची माती उकरायची, फवाऱ्यानंतर काच किती वेळात कोरडी होते ते घड्याळात बघायची. काकू चहा द्यायच्या, शाबासकी नाही. तिलाही ती नको होती.

तेराव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी साहेबांना परत पाठवलं. बरगड्या दिसत होत्या आणि रंग राखाडी होता, पण तोंड मिटलेलं. काकूंनी त्यांना सर्वात खालच्या फांदीवर ठेवलं. बराच वेळ ते हललेच नाहीत. फोरमनबाई पलंगाच्या पायथ्याशी उभी होती, स्वतःचा श्वास धरून.

मग साहेबांनी एक पाय उचलला. तो हवेतच राहिला, मागेपुढे झुलला, आणि वरच्या फांदीवर टेकला.

तिने वळून उशीकडे पाहिलं. काकांचे डोळे एक पाऊल सरकले आणि थांबले.